अतिथी कोणाला म्हणावे?

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबर महिन्यात ग्रीसमधील लेसवोस ह्या बेटावर जाण्याचा योग आला. मुलगी व जावई नोकरीनिमित्त जर्मनीत असतात. त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतले आणि सुटीचे आठ दिवस ह्या बेटावर काढायचे ठरवले. बेटाचे मुख्य शहर मितिलीनी. तेथून उत्तरेकडे ऑलिव्हच्या बागांतून वळणे घेत रस्ता जातो. ह्या बेटावर ऑलिव्हची एक कोटीहून अधिक झाडे आहेत असे सांगतात आणि त्या रस्त्याने जाताना ते खरे वाटते. सुमारे ५० किलोमीटर गेल्यावर लेपेतिम्नोस डोंगराच्या उतारावर सिकामिया हे गाव लागते. त्याच्या खाली, समुद्राला टेकलेले, त्याचे छोटे बंदर आहे. त्याला स्काला सिकामियास म्हणतात. स्काला म्हणजे होड्या लागायची जागा. समुद्री चाच्यांच्या भीतीने पूर्वी अशी गावे वर डोंगरात वसत व खाली फक्त धक्का असे.

त्या बंदरात आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. दहा-पंधरा रंगीत होड्या पाण्यावर हलत होत्या. दोरीवर ऑक्टोपस वाळत घातले होते. एक म्हातारा पिवळे जाळे मांडीवर घेऊन तुणत बसला होता. धक्क्याच्या टोकाला खडकावर एक पांढरे, चिमुकले कपेल. दहा माणसे आत शिरली तर अकराव्याने बाहेर थांबावे, एवढेच. मध्ये एक जुने तुतीचे झाड आणि त्याच्या सावलीत खाणावळीची टेबले. सिकामिया हे नावच मुळी तुतीच्या झाडावरून आले आहे. आम्ही तेथे बसलो. कोळशावर भाजलेल्या तारल्या, लिंबाची फोड, पाव आणि ऑलिव्हचे तेल. समोर निळे पाणी आणि पाण्यापलीकडे अगदी जवळ दिसणारे धुरकट डोंगर. ते डोंगर तुर्कस्तानचे. मधले अंतर सुमारे १० किलोमीटर.

जेवण झाल्यावर मी किनाऱ्याने थोडा चालत गेलो. गोट्यांच्या त्या किनाऱ्यावर एक होडी उलटी घालून ठेवली होती. ती ज्या पट्ट्याने खुंटीला बांधली होती, तो पट्टा नारिंगी होता, उन्हाने विटलेला, आणि त्याला प्लॅस्टिकची काळी चाप होती. समुद्रात घालायच्या जीवरक्षक जाकिटाचा तो पट्टा होता. मी तो हातात धरून पाहिला आणि परत येऊन टेबलापाशी बसलो. पण आता तारल्यांची चव पहिल्यासारखी राहिली नव्हती. ज्या पाण्याकडे पाहत आपण इतक्या निवांतपणे जेवलो, त्या पाण्यात काय घडले आहे हे मला ठाऊक होते. मनात प्रश्न आला: ह्या शांततेचा आनंद घेण्याचा मला अधिकार आहे काय? आणि त्याच्या मागोमाग दुसरा, अधिक अवघड प्रश्न आला: मी येथे पाहुणा आहे, तर ते कोण होते?

ते कोण होते हे आधी सांगायला हवे.

२०१५ साली साडेआठ लाखांहून अधिक माणसे समुद्रमार्गे ग्रीसमध्ये उतरली. त्यांतील सुमारे पाच लाख एकट्या लेसवोस बेटावर उतरली. बहुतेक सिरिया, अफगाणिस्तान आणि इराक येथून युद्धाला कंटाळून निघालेली. त्यांत बायका होत्या, अंगावर पिणारी मुले होती, काठी टेकणारे म्हातारे होते. समोरच्या किनाऱ्यावरून दलाल त्यांना रबराच्या होडीत कोंबत. त्यासाठी माणशी हजार युरोच्या आसपास, कधी त्याहून अधिक पैसे घेत. त्याच दोन देशांमध्ये प्रवासी बोट चालते. तिचे तिकीट काही दहा युरोंत मिळते. पण ते आमच्यासारख्यांना, कागदपत्रे असलेल्यांना. काही जणांना विकलेली जाकिटेही खोटी होती. त्यांत तरंगणाऱ्या वस्तूऐवजी पाणी शोषून घेणारे भरण होते. ऑक्टोबर २०१५ च्या २८ तारखेला सुमारे ३०० माणसांनी भरलेली एक लाकडी बोट ह्याच उत्तर किनाऱ्यासमोर बुडाली. पुष्कळांना वाचवता आले. पुष्कळांना नाही.

स्काला सिकामियासची वस्ती दोनशेचीही नसेल. त्या महिन्यांत ह्या एवढ्याशा बंदरात आणि आजूबाजूच्या किनाऱ्यावर दिवसाला कित्येक होड्या लागत. मच्छीमारांनी मासेमारी सोडली आणि बुडत्या होड्या ओढून आणू लागले. बायकांनी घरातले कोरडे कपडे, चादरी, दूध बाहेर काढले. त्या ऑक्टोबरात काढलेले एक छायाचित्र पुढे जगभर गाजले. बाकावर तीन आज्या बसल्या आहेत, आणि त्यांतली एक आजी एका सिरियन बाळाला बाटलीने दूध पाजते आहे. आपल्याच नातवाला पाजावे तसे. २०१६ च्या शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी त्या तिघींपैकी एका आजीचे आणि गावातल्या एका मच्छीमाराचे नाव सुचवण्यात आले होते. पारितोषिक दुसऱ्याला मिळाले. आज्यांचे त्यावाचून काही अडले नसावे.

ह्या गावाला हे कसे जमले? त्याचे एक उत्तर गावाच्या इतिहासात आहे. १९२२ साली ग्रीस आणि तुर्कस्तान ह्यांच्यातील युद्ध ग्रीकांच्या पराभवाने संपले. समोरच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे ग्रीक ख्रिस्ती घरदार टाकून होड्यांतून पळाले. पुढच्याच वर्षी लोझान येथे दोन्ही देशांनी लोकांची अदलाबदल करण्याचा करार केला. सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि सुमारे चार लाख मुसलमानांना ग्रीस सोडून तुर्कस्तानात जावे लागले. लेसवोसचे मुसलमानही तेव्हा पलीकडे गेले. आज स्कालामध्ये राहणाऱ्या बहुतेकांचे आजी-आजोबा किंवा आईवडील त्या १९२२ च्या होड्यांतून आलेले. स्त्रातिस मिरिविलिस हे ग्रीक कादंबरीकार ह्याच सिकामियाचे. त्यांची १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक कादंबरी ह्या बंदरात येऊन वसलेल्या निर्वासितांची आहे. तिची नायिका मच्छीमाराला होडीत सापडलेली एक अनाथ मुलगी. त्या कादंबरीत ह्या कपेलाच्या भिंतीवर एक विलक्षण चित्र आहे: वरचे अर्धे अंग पवित्र मरियेचे आणि खालचे अर्धे माशाचे. कपेलाला लोक ‘पानागिया गोर्गोना’, म्हणजे मत्स्यकन्या मरियामाता, असेच म्हणतात. जमिनीची आणि पाण्याची, दोन्हींची माता. होडीतून आलेल्यांना अशीच माता हवी असते.

खाणावळ चालवणारी बाई साठीच्या पुढची होती. आम्ही भारतातून आलो हे कळल्यावर तिने न मागता द्राक्षांची एक थाळी आणून ठेवली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. मुलीला थोडी ग्रीक येते. तिच्यामार्फत मी २०१५ सालाविषयी विचारले. बाईने खांदे उडवले. म्हणाली, “तेव्हा विचार करायला वेळच नव्हता. विचार नंतर आला.”

“नंतर म्हणजे?” मी विचारले.

तिने शेजारचे टेबल पुसले आणि आत निघून गेली. परत आली ती बिल घेऊन. मी पुन्हा विचारले नाही.

परतीच्या वाटेवर मी त्या एका वाक्याचाच विचार करत होतो. ग्रीक भाषेत ‘झेनोस’ हा एकच शब्द परक्या माणसालाही वापरतात आणि पाहुण्यालाही. जुन्या ग्रीकांची समजूत अशी की दारात आलेला परका हा देवाच्या संरक्षणाखाली असतो. आधी त्याला खाऊपिऊ घालावे, मग नाव-गाव विचारावे, ही त्यांची रीत होती. नवा करारही ग्रीक भाषेतच लिहिला गेला. इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात आतिथ्याचा विसर पडू देऊ नका अशी सूचना आहे. तेथे आलेला मूळ शब्द ‘फिलोझेनिया’, म्हणजे परक्यावर प्रेम. आपण त्याचे भाषांतर ‘पाहुणचार’ असे करतो आणि डोळ्यांपुढे येतात ते आपले पाहुणे: व्याही, मामा, मुलीच्या सासरची माणसे. परका माणूस त्या शब्दातून केव्हाच निसटून जातो.

पण आपल्याकडेही एक शब्द आहे: अतिथी. ज्याच्या येण्याला तिथी नाही, जो दिवस-वेळ न कळवता दारात उभा राहतो, तो अतिथी, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. हा अर्थ मनात आला आणि माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला नको त्या ठिकाणी सापडले. लेसवोसला मी अतिथी नव्हतोच. माझी तिथी ठरलेली होती. येण्याची तारीख ठरली होती, जाण्याची त्याहून पक्की. व्हिसासाठी मी बँकेची पुस्तके, निवृत्तिवेतनाचा दाखला, घराचे कागद आणि दहा बोटांचे ठसे दिले होते. त्या सगळ्या कागदांचा मिळून अर्थ एवढाच होता की, ‘हा माणूस परत जाईल.’ मी परत जाणार ह्याची खात्री पटली म्हणून मला आत घेतले गेले. ज्यांना परत जायला घरच उरले नव्हते, त्यांना नेमके तेच सिद्ध करता येत नव्हते. म्हणून त्यांना रबराची होडी. जगाची आजची रीत अशी की, ज्याला आसऱ्याची गरज नाही त्याचे स्वागत होते.

त्या सामुद्रधुनीतून पूर्वी एक होडी गेली होती, तिची आठवण येथे करावीशी वाटते. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात लूक लिहितो की, संत पौल त्रोवसहून अस्सोसपर्यंत पायी चालत गेला, तेथे होडीत चढला आणि सगळे मितिलीनीला आले. ते अस्सोस आज तुर्कस्तानात आहे, स्कालाच्या समोरच्या किनाऱ्यावर. २०१५ च्या होड्या त्याच परिसरातून सुटत होत्या. पौलाचा मार्ग आणि त्यांचा मार्ग एकाच पाण्यातून गेला.

पुढे त्याच पुस्तकाच्या अखेरीस पौलाचे जहाज माल्टा बेटापाशी फुटते. जहाजावर २७६ माणसे. त्यांत सैनिक, खलाशी आणि पौलासारखे बेडीतले कैदी. सगळे कसेबसे किनाऱ्याला लागतात. पाऊस पडत असतो, थंडी असते. बेटावरचे लोक काय करतात? शेकोटी पेटवतात आणि सर्वांना जवळ घेतात. त्यानंतर लाकडांतून साप निघून पौलाच्या हाताला डसतो, तेव्हा लोकांना वाटते की हा खुनी असावा. त्याला काही होत नाही असे दिसल्यावर वाटते की हा देव असावा. दोन्ही अंदाज चुकीचे. पौल खुनी नव्हता आणि देवही नव्हता. पण लूकने प्रसंगांचा जो क्रम ठेवला आहे तो पाहावा. शेकोटी आधी पेटली. माणूस कसा आहे ह्याचा निवाडा नंतर सुरू झाला, आणि तो चुकला तरी शेकोटीची ऊब खोटी ठरली नाही. खाणावळीतल्या बाईने माझ्याशी बोलताना हाच क्रम सांगितला होता. विचार नंतर आला.

येथेच थांबलो तर हा लेख सोपा होईल, पण खरा होणार नाही. कारण विचार नंतर आला, आणि त्या विचाराने सगळे काही गोड केले नाही.

२०१६ च्या मार्च महिन्यात युरोपीय संघ आणि तुर्कस्तान ह्यांच्यात समझोता झाला. तेव्हापासून बेटावर उतरलेल्यांना पुढे जाता येईना. ते तेथेच अडकले. मोरिया नावाची छावणी सुमारे तीन हजार माणसांसाठी होती. २०२० च्या सुरुवातीस तिच्यात आणि तिच्या भोवती सुमारे वीस हजार माणसे राहत होती. चिखल, रांगा, मारामाऱ्या, आजार. आजूबाजूच्या शेतकऱ्यांची ऑलिव्हची झाडे जळणासाठी तोडली गेली. बेटावर येणारे पर्यटक २०१६ च्या उन्हाळ्यातच खूप घटले होते आणि खाणावळींची टेबले रिकामी राहत होती. ज्यांनी चादरी दिल्या त्यांना कोणी विचारले नाही की तुमचे कसे चालले आहे. १ मार्च २०२० रोजी थेर्मी गावाच्या धक्क्यावर जमावाने निर्वासितांची एक होडी किनाऱ्याला लागू दिली नाही. त्याच रात्री स्काला सिकामियासजवळचे, होडीतून उतरलेल्यांना पहिला आसरा देणारे केंद्र जाळण्यात आले. ज्या परिसरात आजीने बाळाला दूध पाजले, त्याच परिसरात साडेचार वर्षांनी ही आग लागली. सप्टेंबर २०२० मध्ये मोरियाची छावणीही जळून गेली आणि बारा हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर आली.

मग त्या लोकांना आपण काय म्हणावे? ढोंगी म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही. दया ही विहिरीसारखी असते. उपसा सतत चालू राहिला आणि झरे बुजले, तर विहीर आटते. त्यात विहिरीचा दोष किती? आणि तरीही, जाळणे हे दमण्याहून वेगळे आहे. दमलेला माणूस खाली बसतो. तो काडी लावत नाही. दमण्याबद्दल क्षमा मागावी लागत नाही, पण जाळण्याबद्दल मागावी लागते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

इमॅन्युएल कांट ह्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९५ मध्ये चिरंतन शांततेविषयी एक छोटा निबंध लिहिला. त्यात त्याने एक भेद केला आहे, तो येथे उपयोगी पडतो. त्याच्या मते परक्या भूमीवर आलेल्या माणसाला शत्रूसारखे न वागवले जाण्याचा हक्क आहे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हक्कच आहे, कारण पृथ्वी गोल आहे आणि तिच्यावर माणसांना एकमेकांच्या शेजारीच राहणे भाग आहे. मात्र कायमचे घरात राहण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही. त्यासाठी यजमानाशी वेगळा करार हवा. यजमान त्याला परत पाठवू शकतो, पण एका अटीवर: परत पाठवल्याने त्याचा नाश होणार नसेल तर. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या ३३ व्या कलमातही जवळपास हीच अट आहे. जेथे जीव धोक्यात येईल तेथे निर्वासिताला परत लोटू नये.

म्हणजे प्रश्न दोन आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. बुडत्याला बाहेर काढावे काय, हा पहिला. त्याला कोठे, किती दिवस, कोणाच्या खर्चाने ठेवावे, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नावर सज्जन माणसांचेही मतभेद होऊ शकतात. त्याला कायदा लागतो, पैसा लागतो, हिशेब लागतो. पहिल्या प्रश्नावर मतभेदाला जागा नाही. दुसऱ्याचे उत्तर सापडत नाही म्हणून पहिल्याचे उत्तर बदलणे, म्हणजे घरात जागा नाही म्हणून समुद्रात हात न देणे, हे पाप आहे. त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

पण दुसऱ्या प्रश्नातूनही आपण इतक्या स्वस्तात सुटत नाही. पाच लाख माणसे दोनशे वस्तीच्या बंदराने आणि एका बेटाने सांभाळावीत अशी अपेक्षा करणारे आपण कोण? २०१५ मध्ये साऱ्या जगाने त्या आज्यांचे कौतुक केले. छायाचित्र सगळीकडे छापले गेले. नोबेलसाठी नावे सुचवली गेली. पण कौतुक करणाऱ्यांतील कितींनी त्यांच्या डोक्यावरचा भार थोडा आपल्या डोक्यावर घेतला? कौतुक हा जबाबदारी टाळण्याचा एक सभ्य मार्ग आहे. आपण दुसऱ्याच्या दयेला टाळ्या वाजवतो आणि आपले दार लावून घेतो. आज्यांची दया आटली असेल, तर ती त्यांनी दिल्यामुळे आटली नाही. बाकीच्यांनी न दिल्यामुळे आटली.

ह्या दृष्टीने पोप फ्रान्सिस ह्यांची एक कृती मला महत्त्वाची वाटते. १६ एप्रिल २०१६ रोजी ते लेसवोसला आले. त्यांच्याबरोबर ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेचे पेट्रिआर्क बार्थोलोम्यू आणि अथेन्सचे आर्चबिशप इरोनिमोस होते. तिघांनी मोरियाच्या छावणीतील माणसांबरोबर वेळ घालवला आणि बंदरात समुद्रात बुडालेल्यांसाठी प्रार्थना केली. परतताना पोप महोदयांनी आपल्या विमानातून १२ सिरियन निर्वासितांना, तीन मुसलमान कुटुंबांना, रोमला नेले. तेव्हा काहींनी म्हटले की लाखांमध्ये बाराने काय होणार? हिशेबाच्या दृष्टीने काहीच नाही. पण ते ग्रीक लोकांना उपदेश करायला आले नव्हते. आपला वाटा उचलायला आले होते. तुम्ही असे करा असे सांगण्यापूर्वी मी एवढे नेतो असे म्हणणे, हे फार थोड्यांना जमते. डिसेंबर २०२१ मध्ये ते पुन्हा त्या बेटावर गेले. २०२५ साली ते आपल्यातून गेले, परंतु हा धडा मागे राहिला आहे.

आता थोडे स्वतःविषयी. लेसवोसच्या लोकांविषयी लिहिणे मला सोपे गेले असते, जर मला एक गोष्ट आठवली नसती. स्कालाजवळचे ते केंद्र जळाले त्याच मार्च महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे टाळेबंदी लागली. आमच्या गावाजवळून जाणाऱ्या रस्त्याने मजूर आपापल्या गावांकडे पायी निघाले. डोक्यावर बोचकी, कडेवर मुले. एका दुपारी सात-आठ जण आमच्या फाटकासमोरच्या चिंचेखाली टेकले. पत्नी म्हणाली, “अहो, पाण्याचा हंडा फाटकापाशी ठेवू का?” मी म्हणालो, “आत्ता नको. कोण कोठून आले आहेत, काय घेऊन आले आहेत, कोणास ठाऊक. जरा विचार करू.” आम्ही खिडकीतून पाहत राहिलो. थोड्या वेळाने ती माणसे उठली आणि चालू लागली. माझा विचार पूर्ण झाला तेव्हा चिंचेखाली कोणी नव्हते.

हंडा फाटकाबाहेर ठेवून दहा पावले मागे सरकायला कोणता धोका होता? काहीच नाही. मी सावध होतो असे तेव्हा मला वाटले. खरे तर मी क्रम चुकवला होता. शेकोटीच्या आधी निवाडा सुरू केला होता. स्कालाच्या बाईकडे विचार करायला वेळ नव्हता म्हणून ती वाचली. माझ्याकडे वेळ भरपूर होता.

बेटावरून निघण्यापूर्वी आम्ही कातो त्रितोस ह्या गावाजवळ गेलो. तेथे ऑलिव्हच्या बागेत, समुद्रात बुडून मेलेल्या निर्वासितांची दफनभूमी आहे. अनेकांची नावेही कळू शकली नाहीत. जे कोणीही नव्हते, ज्यांना कोणी ओळखत नव्हते, त्यांना ह्या बेटाने माती दिली. दमलेल्या, भांडलेल्या, कधी चुकलेल्या ह्या बेटाने. पत्नीने रोझरीचे एक दशक म्हटले. जावयाने सांगितले की येथे पुरलेल्यांपैकी बरेचसे मुसलमान असतील. ती म्हणाली, “असू दे. मरियामातेला कळते.” मला त्या कपेलातली, अर्धी जमिनीची आणि अर्धी पाण्याची माता आठवली.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही पुन्हा स्कालाला गेलो. म्हातारा नव्हता, पण त्याचे जाळे होडीत नीट घडी करून ठेवलेले होते. त्या शांततेचा आनंद घ्यायचा मला अधिकार आहे काय, ह्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेथे धक्क्यावर बसून मी शोधत होतो. मला वाटते, अधिकार आहे. ती शांतता तेथल्या लोकांची आहे, आणि जेवायला येणाऱ्या माणसावर त्यांचे पोट आहे. आपण दुःखी चेहरा करून बसल्याने बुडालेला कोणी वर येत नाही. पण ज्याला त्या बंदरात बसून पोटभर जेवू घातले गेले, त्याच्यावर एक ऋण राहते. ते तेथे फेडायचे नसते. आपल्या फाटकापाशी फेडायचे असते.

वाचकहो, अंतिम न्यायाच्या दाखल्यात प्रभू येशू स्वतःला परका म्हणवतो, हे आपण दरवर्षी ऐकतो. त्या दाखल्यातील नीतिमान लोकांना, आपण त्याची सेवा केव्हा केली, हे आठवतही नाही. बहुधा त्यांनाही विचार करायला वेळ मिळाला नसेल. आजही त्या सामुद्रधुनीतून होड्या येतात, २०१५ इतक्या नव्हेत, पण येतात. आपल्या दारात होडी लागणार नाही. आपल्या दारात उन्हात बोचके घेऊन टेकलेला माणूस येईल, भाड्याची खोली मागणारे दुसऱ्या भाषेचे कुटुंब येईल, किंवा चर्चमध्ये शेवटच्या बाकावर एकटा बसणारा कोणी नवखा. त्याला कायमचे काय द्यायचे हे ठरवायला आपण अवश्य वेळ घ्यावा. पाण्याचा हंडा मात्र आधी बाहेर ठेवावा.

आमच्या फाटकापाशी आता एक माठ असतो. उन्हाळ्यात रोज सकाळी मी तो भरतो. त्याने २०२० ची ती दुपार परत येत नाही, हे मला माहीत आहे.